हात वर का जात नव्हता?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ८ सप्टेंबर रोजी, जागतिक फिजिओथेरपी दिनी, क्लब हाउसमध्ये मोफत फिजिओथेरपी शिबिर झाले. त्याच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



सुरुवातीलाच खुलासा करतो. मी डॉक्टर नाही आणि फिजिओथेरपिस्टही नाही. अडतीस वर्षं बँकेत नोकरी केली, लेजर आणि व्हाउचर यांच्या पलीकडे फारसं काही पाहिलं नाही. त्यामुळे सेक्रेटरी साहेबांनी उद्घाटनाला बोला म्हटल्यावर मी म्हणालो, "अहो, माझा काय अधिकार?" ते म्हणाले, "पेशंटचा." तो अधिकार मात्र माझ्याकडे भरपूर आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, तेवढ्या भांडवलावर बोलतो. बाकीची माहिती वाचून आणि डॉक्टरांना विचारून घेतली आहे.

विषय आहे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. मराठीत आघातोत्तर ताण विकार म्हणतात. नाव मोठं आहे, पण गोष्ट आपल्या सोसायटीतच घडलेली आहे, ए विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे माझ्याच घरी.

जून २०१४. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. बायपासच्या सर्व्हिस रोडवरून स्कूटरवर येत होतो. मागून एक टेम्पो आला. मी तो पाहिलाच नाही, फक्त ऐकला. ब्रेकचा कर्कश आवाज झाला आणि पुढच्या क्षणी मी रस्त्यावर होतो. हेल्मेट होतं म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. उजवा दंड खांद्याजवळ मोडला. ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. सर्जन म्हणाले, "ऑपरेशन उत्तम झालंय काका, आता सगळं फिजिओथेरपीवर."

हाड वेळेवर जुळलं. एक्स-रे झकास होता. पण हात काही वर जाईना. खांद्याच्या उंचीला यायच्या आतच अडायचा. शर्ट घालायला सौभाग्यवती लागायची, भांग पाडायलाही तीच.

मी जिथे जात होतो तिथे स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसवायचे. फिजिओथेरपिस्ट मागे उभे राहून खांदा धरायचे आणि हात हळूहळू वर न्यायचे. त्यांची पद्धत शास्त्राला धरूनच होती. पण मागे पावलं वाजली की माझी छाती धडधडायची. घाम फुटायचा. त्यांचा हात खांद्याला लागायच्या आत अख्खं अंग लाकडासारखं व्हायचं. ते म्हणायचे, "काका, सैल सोडा." मी सोडत होतो हो! पण अंग माझं ऐकत नव्हतं. शेवटी एक दिवस ते वैतागून म्हणाले, "काका, तुम्ही को-ऑपरेटच करत नाही." फाइलवर तसा शेरा मारला.

त्यांना दोष देत नाही. त्यांनी मला कधी विचारलं नाही हे खरं, पण मीही सांगितलं नाही. काय सांगणार? त्रेसष्ट वर्षांचा माणूस, दोन शाखांचा मॅनेजर राहिलेला, त्याने म्हणायचं की मला मागून कुणी आलं की भीती वाटते?

मग मी एक गोष्ट केली. ती आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो आहे. मी जाणंच बंद केलं. घरून मात्र वेळेवर निघायचो. बागेत पाऊण तास बाकावर बसायचो, पाठ भिंतीला टेकेल असा बाक बघून, आणि परत यायचो. सौ. विचारायची, "कसं झालं?" मी म्हणायचो, "चाललंय." फीचे पैसे खर्च करायचे नाहीत एवढी अक्कल शिल्लक होती. ते एका पाकिटात ठेवायचो आणि वर तारखा लिहायचो. दिवाळीच्या साफसफाईत ते पाकीट तिच्या हाताला लागलं. अकरा तारखा, अडीचशे रुपयांप्रमाणे दोन हजार सातशे पन्नास. अडतीस वर्षांत मी एक खोटी एंट्री केली नव्हती, आणि बायकोला अकरा खोट्या हजेऱ्या दाखवल्या. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवाळीत मुलगी माहेरपणाला आली होती. नातू तेव्हा पाच वर्षांचा. मी खिडकीपाशी उभा होतो, तो मागून धावत आला आणि त्याने माझ्या पायांना मिठी मारली. मी त्याला ढकललं. म्हणजे माझ्या हाताने ढकललं. पोर टीपॉयवर आपटलं, कपाळाला टेंगूळ आलं. त्याच्या रडण्यापेक्षा माझ्या मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी विसरू शकत नाही. पुढचे दोन दिवस तिने मुलाला माझ्याजवळ एकटं सोडलं नाही.

तेव्हा मात्र सौ.ने बी विंगमधल्या आपल्या फिजिओ मॅडमना घरी बोलावलं. आज त्या इथे बसल्या आहेत, नाव घेऊ नका अशी त्यांची ताकीद आहे. त्या आल्या, माझ्या समोर खुर्ची घेऊन बसल्या. हाताला हातही लावला नाही. एवढंच विचारलं, "काका, तुम्ही हात वर नेताना थांबता, ते दुखतं म्हणून की भीती वाटते म्हणून?"

पाच महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मी स्वतःसुद्धा नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागलो.

आता हे होतं कशामुळे, ते मला समजलं तसं सांगतो. बँकवाल्यांच्या भाषेत सांगतो, म्हणजे माझी चूक होणार नाही.

आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डला. तो म्हणजे शाखेतली धोक्याची घंटा. दरोडा पडला तर वाजायलाच पाहिजे. पण आमच्या एका शाखेत ती रात्री उंदीर फिरला तरी वाजायची. घंटा बंद पडलेली नव्हती, उलट ती जास्त तत्पर झाली होती. मोठ्या आघातानंतर काही माणसांत तसं होतं. कुकरची शिट्टी, मागची पावलं, ब्रेकचा आवाज, सगळं तिला दरोडाच वाटतं. घंटा वाजली की छातीचे ठोके वाढतात, श्वास वर चढतो, स्नायू आवळतात. हे माणूस मुद्दाम करत नाही आणि तो घाबरटही नसतो.

दुसरा भाग हिप्पोकॅम्पस. तो आठवणींवर तारखेचा शिक्का मारतो. भयंकर प्रसंगात हे काम नीट होत नाही. मग ती आठवण तारीख नसलेल्या व्हाउचरसारखी राहते. तुम्ही जुनं म्हणून बाजूला टाकायला जाता, ते पुन्हा आजचं म्हणून काउंटरवर येतं. म्हणून अशा माणसाला अपघात नुसता आठवत नाही, तो त्याला पुन्हा घडतो. झोपेत आणि जागेपणीसुद्धा.

डॉक्टर लक्षणांचे चार गट सांगतात. प्रसंग पुन्हा पुन्हा मनात घुसणं. त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं. स्वतःबद्दल, जगाबद्दल मन काळवंडणं, आपल्याच माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं. आणि सतत सावध, चिडका, दचकरा होणं. अपघातानंतर पहिले काही दिवस यातलं थोडंफार कुणालाही होतं आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं. महिना उलटूनही राहिलं आणि रोजच्या जगण्याच्या आड येऊ लागलं, तर त्याला हा विकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात असा एखादा आघात येतो, पण त्यातल्या ५ ते ६ टक्के लोकांनाच हा विकार होतो. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही. पण आपल्यासारख्या दीडशे फ्लॅटच्या सोसायटीत असा माणूस नसेलच, असंही कुणी समजू नये.

हे काही नव्या काळाचं फॅडही नाही. १८६५ साली इंग्लंडमध्ये स्टेपलहर्स्टला रेल्वेचा मोठा अपघात झाला. त्या गाडीत प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होते. त्यांना मोठी इजा झाली नाही, उलट त्यांनी जखमींना मदत केली. पण पुढे गाडीत बसलं की त्यांच्या अंगाला कंप सुटायचा. त्या काळात अपघातानंतर असे त्रास होणाऱ्यांचा कणा दुखावला असेल असं डॉक्टर समजत आणि त्याला 'रेल्वेचा कणा' असंच नाव होतं. रेल्वे कंपन्यांना मात्र ती माणसं भरपाईसाठी सोंग करतात असं वाटे. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बाबतीत 'शेल शॉक' हा शब्द आला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आजचं नाव यायला १९८० साल उजाडलं. शंभराहून जास्त वर्षं हे सोंग आहे की आजार, यावर वाद चालला. तेव्हा माझ्या फाइलवर 'को-ऑपरेट करत नाही' असा शेरा पडला, तर त्यात नवल ते काय!

आता फिजिओथेरपीशी याचा संबंध. तरुण मित्रांनो, हे खास तुमच्यासाठी.

मानसोपचाराच्या डॉक्टरकडे माणूस सहसा स्वतःहून जात नाही. पण मोडलेला हात घेऊन तो तुमच्याकडे रोज येतो, आठवड्यातून पाच दिवस, महिनोन्महिने. तुम्ही त्याच्या अंगाला हात लावता आणि नेमक्या दुखऱ्या जागेला लावता. ती वेदना त्याला अपघाताची आठवण करून देते. आठवण आली की स्नायू आवळतात. आवळले की जास्त दुखतं. जास्त दुखलं की भीती वाढते, मग तो हालचालच टाळतो आणि सांधा आणखी आखडतो. असं हे कर्जावरच्या चक्रवाढ व्याजासारखं वाढत जातं. नुसता जोर लावून ते फिटत नाही.

मॅडमनी माझ्याबाबत काय केलं ते सांगतो. पहिली गोष्ट, विचारलं. अपघाताची हकीकत खोदून खोदून नाही विचारली. झोप कशी आहे, दचकायला होतं का, कुठे जायचं टाळता का, एवढंच. यासाठी पाच प्रश्नांची एक छोटी चाचणीही असते. तिने निदान होत नाही, फक्त पुढे कुणाकडे पाठवायचं ते कळतं.

दुसरी गोष्ट, धडधडतं आणि घाम फुटतो म्हटल्यावर त्यांनी आधी माझा ईसीजी काढून घ्यायला लावला. साठीच्या पुढच्या माणसाचं सगळं मनावर ढकलायचं नाही, असं त्या म्हणाल्या. हे फार महत्त्वाचं आहे.

तिसरी, जागा बदलली. माझी पाठ भिंतीला, तोंड दाराकडे आणि त्या माझ्या समोर. हात लावण्याआधी सांगायच्या, "आता कोपराखाली धरते, चालेल ना?" रोज, दर वेळेला विचारायच्या. पहिल्या आठवड्यात मला ते अतीच वाटलं. नंतर लक्षात आलं की त्या टेम्पोने मला विचारलं नव्हतं. अंगाला काय होणार हे मला आधी कळतंय आणि मी नाही म्हणू शकतो, हाच तर अर्धा उपचार होता.

चौथी, थांबण्याची खूण ठरवली. डावा हात उचलला की थांबायचं. आणि त्या खरोखर थांबायच्या. 'अजून दोनच काका' नाही. गंमत बघा, थांबता येतं हे कळल्यावर मी डावा हात फारसा उचललाच नाही.

पाचवी, भीतीचा झटका आलाच तर व्यायाम बंद. डोळे उघडे ठेवायचे, पाय जमिनीवर दाबायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, श्वास सावकाश सोडायचा. पंखा, कॅलेंडर, तांब्या, चपला, खिडकी. तांब्या दिसला की अजूनही मला तो दिवस आठवतो, पण हसू येतं.

सहावी आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्यांनी स्वतःची हद्द ओळखली. म्हणाल्या, "काका, खांदा माझा, पण बाकीच्यासाठी तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं लागेल." मी चिडलो. "मला वेड लागलंय का?" त्या शांतपणे म्हणाल्या, "हाडासाठी सर्जनकडे गेलात तेव्हा असं विचारलं होतं का?" निरुत्तर झालो.

तिथे एक गोळी सुरू झाली, ती वर्षभर घेतली. आणि मानसशास्त्रज्ञ बाईंकडे दर आठवड्याला बसायचो. त्या मला तो प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावायच्या, पुन्हा पुन्हा. सुरुवातीला अंगावर काटा यायचा, पुढे पुढे तो सांगून कंटाळा येऊ लागला. तो कंटाळा म्हणजेच प्रगती, असं त्या म्हणाल्या. म्हणजे व्हाउचरवर तारखेचा शिक्का बसला! मग त्या सर्व्हिस रोडवर जायचं ठरलं. आधी रविवारी सकाळी रिक्षातून, मग गर्दीच्या वेळी, मग सौ.बरोबर पायी. आठ महिने लागले. इकडे हात वर जाऊ लागला. सत्तर अंशांवर अडलेला हात एकशे चाळीसपर्यंत गेला. पूर्ण नाही गेला, पण भांग मी माझा पाडतो. स्कूटर मात्र परत चालवली नाही, तेवढं राहिलं ते राहिलं. आणि नातू आता सोळा वर्षांचा आहे. मागून येताना मुद्दाम खाकरतो. त्याला कुणी शिकवलं मला माहीत नाही.

सभासदांनो, आता थोडं आपल्यासाठी. घरात कुणाला असं झालं तर "विसरून जा", "लोकांचं याहून वाईट होतं", "मन घट्ट कर" हे तीन उपदेश करू नका. मला सगळ्यांनी तेच केले आणि प्रेमाने केले. पण मी विसरायचाच तर प्रयत्न करत होतो. उलट, "सांग, सगळं सांग" म्हणून लगेच मागेही लागू नका. सोबत राहा, जेवण-झोप सांभाळा, महिनाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे न्या. झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. आणि दोन पेग घेतले की झोप लागते, हा सल्ला देणारेही आपल्यात आहेत, त्यांचंही ऐकू नका. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६ नंबरवर, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि बँकवाला म्हणून सांगतो, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. आपल्या पॉलिसीचा कागद काढून वाचा.

शेवटी एक जुनी गोष्ट सांगून थांबतो. १९९३ साली ३० सप्टेंबरला, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. माझी बदली तेव्हा लातूरच्या बाजूला तालुक्याच्या गावी होती. मदतीच्या चेकची कामं शाखेत चालत. एक शेतकरी यायचा, पन्नाशीचा असेल. तो आत येतच नसे. दारात एक पाय बाहेर ठेवून, हात चौकटीला धरून उभा राहायचा आणि वर छताकडे बघायचा. सही करायला आत ये म्हटलं की मान हलवायचा. एके दिवशी गर्दी होती, माझं डोकं तापलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अहो पाटील, हा स्लॅब आहे, माळवद नाही. तुमच्यासाठी काय बँक रस्त्यावर आणू?" लोक हसले. तो निघून गेला. नंतर कधी आला ते माझ्या लक्षात नाही, कदाचित मी रजेवर असताना आला असेल.

वीस वर्षांनी पाठ टेकेल असा बाक शोधत मी बागेत फिरत होतो, तेव्हा तो मला आठवला. रजिस्टर दारापर्यंत न्यायला मला किती पावलं लागली असती? दहा. तीही मी चाललो नाही. त्याची माफी मागायला आता मला तो कुठे सापडणार? म्हणून तुमच्यासमोर बोलतो आहे.

आजच्या शिबिराच्या फॉर्मवर नाव, वय, दुखणं याखाली मॅडमनी माझ्या विनंतीवरून एक ओळ वाढवली आहे : 'हालचाल करताना भीती वाटते का?' तरुण मित्रांनो, ती ओळ रिकामी ठेवू नका, प्रत्येकाला विचारा. आणि सभासदांनो, खरं उत्तर लिहा. माझ्यासारखे बागेत जाऊन बसू नका.

शिबिराचं उद्घाटन झालं असं मी जाहीर करतो. चहा तयार आहे.